काटा अर्ध्यावर

२ डिसें.
औशाच्या पुढं आज परत तेच. घरून निघताना बसच्या डिझेलचा काटा अर्ध्याच्या वर होता. मी बघितलेला, ह्यांनीही बघितलेला. औसा ओलांडून पाहिलं तर पावच्या खाली. इंजिननं दोनदा आचके दिले. कसंबसं पंपाला लागलो. पंपावरचा माणूस म्हणला, "काका, टाकी खडखडीत केली की." डिसेंबरात ह्यांच्या कपाळाला घाम.

येताना काट्याच्या काचेवर बोट वाजवत राहिले. मी म्हणले, काटाच खोटा असेल. तर म्हणले, "काटा खोटा असला तर मग आपण कशाच्या जिवावर झोपलालोत?"

जेवले नाहीत. भाकरी झाकून ठेवली.

४ डिसें.
ब्लाऊजची तुरपाई करायला बसच्या दारात बसले अन् रीळ हातातून सुटलं. घरंगळत सरळ ड्रायव्हरच्या सीटखाली. रोजचंच आहे. ह्या उतारात संसार करायचा म्हणजे. शेगडीच्या पुढच्या पायांखाली करवंटीचे तुकडे घातल्याशिवाय धिरडं गोल होत नाही, सगळं पीठ एका अंगाला पळतं.

लोकांच्या गाड्या सपाटीला उभ्या राहतात. आमच्या बालाजीरावांची नाही. घरासमोर ट्रॉलीनं मुरूम आणून उंचवटा करून घेतलाय. मागची चाकं त्याच्यावर, नाक खाली रोडकडं. चाकाखालचा दगड काढला, हँडब्रेक सोडला की गाडी आपोआप रोडला लागली पाहिजे, बॅटरी बसली तरी. "जमीन हलली तर धक्का मारायला कोण येणार हाय?" म्हणतात.

मागं भूकंपानंतर मिळालेलं दोन खोल्यांचं पक्कं घर आहे. त्यात धान्याच्या थैल्या, माझी शिलाई मशीन अन् टीव्ही राहतात. हे अंघोळीपुरते आत जातात, तेही दार उघडं ठेवून. आम्ही नवराबायको शाळेच्या जुन्या मिनीबसमध्ये. सीटा काढून पलंग, गॅस, कपाट बसवलं. लेकीचं, आशूचं लग्न झालं तेव्हापासून मीही इथंच झोपते. एकट्या माणसाला टाकून घरात झोप लागत नाही, म्हणून.

७ डिसें.
लातूर. गॅरेजला सकाळपासून. मिस्त्रीनं डिझेल मोजून टाकलं, काटा बघितला. बरोबर. परत थोडं टाकलं. तरी बरोबर. "मालक, काटा तर सरळ हाय तुमचा." ह्यांना ते पटेना. शेवटी टाकीतला फ्लोट, डिझेलवर तरंगून काटा हलवतो तो, बदलून घेतला, जुना चांगला असताना. 

टाकीचीही एक कथाच आहे. मूळची सडली म्हणून ह्यांनी हट्टानं ट्रकची लांबलचक टाकी बसवून घेतली. एका दमात पार सोलापूरच्या पुढं जाता आलं पाहिजे म्हणे. सोलापूरच्या पुढं कोण आहे आपलं, ते विचारायचं नाही.

निघताना मिस्त्रीनं एक सांगितलं. चालत्या गाडीत काट्याकडं बघू नका, डिझेल हिंदकळतं. गाडी उभी करा, शांत होऊ द्या, मग बघा. हे त्यांच्या डोक्यात चांगलं बसलं.

घरी आलो, गाडी जागेवर लावली, पाच-दहा मिनिटं गप बसून राहिले. मग चावी फिरवून काटा बघितला. लातूरहून निघताना होता त्याच्यापेक्षा एक केस वरच. म्हणले, नवीन फ्लोट आहे, बसायला वेळ लागत असेल.

१० डिसें.
आज अर्थिंगची वायर. दिवसभर गाडीखाली. स्वयंपाकाचा बल्ब लावला की काटा थरथरतो असं ह्यांच्या ध्यानात आलं, म्हणून वायर काढून नवीन ओढली. बल्ब आता चांगला लागतोय. मला तेवढाच फायदा.

तूर काढायला आलीय. बाया मिळत नाहीत. ह्यांना काट्यापुढं तूर दिसत नाही.

१४ डिसें.
काल सांजच्याला जागेवर काटा पाऊण. आज औशाला गेलो, बाजारात उभी करून, शांत करून बघितलं तर अर्ध्याच्या खाली. एवढ्याशा अंतरात एवढं डिझेल रोडरोलरलाही लागत नाही.

घरी आल्यावर "फ्लोट नवा. वायर नवी. मग एकच राहतं," म्हणले. मी विचारलं काय राहतं. तर भिंतीपलीकडं शिवाभाऊजींच्या जीपकडं बघितलं.

मी म्हणले डोकं ठिकाणावर आहे का. शिवाभाऊजी अन् तुम्ही एका ताटात जेवलेली माणसं. त्यांची जीप किल्लारी-लातूर फिरते, तिला स्वतःचं डिझेल आहे. तर म्हणले, "रबरी पाइप त्याच्याकडंच हाय."

पाइप सगळ्यांकडंच असतो. गावात कुणाकडं नाही?

१९ डिसें. येळवस, वेळ अमावास्या.
लिहू नये असं वाटतं. पण लिहिते.

शेतात दरवर्षीसारखं सगळं केलं. कडब्याची कोप केली, आत दगडांचे पांडव मांडले, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबिल. शिवाभाऊजी घरच्यांना घेऊन आले. दरवर्षी येतात. ज्वारीत सगळ्यांची पंगत बसली, हसणं-खिदळणं चाललेलं. अन् हे मधेच म्हणले, "शिवा, माझ्या टाकीतून किती काढतोस रे?"

भाऊजींना आधी चेष्टाच वाटली. "बाल्या, आंबिल चढली का तुला?"

हे म्हणले, "मी इचारलालो तुला. किती काढतोस?"

भाऊजींनी हातातला उंडा ताटात ठेवला. "तुझं डिझेल मी काढीन?" एवढंच म्हणले. मग आंबिलीचा तांब्या बाजूला सारला, बायकोला म्हणले, चला. घरचे उठले, मागून अर्धी पंगत उठली.

मला वाटलं धरणी दुभंगावी. ह्या गावात हे वाटून घेणंसुद्धा बरं नाही.

२१ डिसें.
टाकीच्या तोंडात आतून लोखंडी जाळी वेल्ड करून आणली. वरून कुलूप. आता कुणाचा पाइप आत जायचा नाही.

मी म्हणले, तुमची काठी कशी जाणार? आजवर खात्री करायची म्हणजे हे टाकीत काठी घालून बघायचे, ओली कुठवर झाली ते. म्हणले, "काठीचं काय काम आता? काटा नवा हाय, चोरी बंद हाय."

शिवाभाऊजी समोरून जीप घेऊन गेले. हॉर्न वाजवायचे नेहमी. वाजवला नाही.

२९ डिसें.
आशूचा फोन नांदेडहून. सातवा लागलाय. आठव्यात हलवत नाहीत, म्हणजे आता आणलं तर आणलं. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायला पाहिजे. पण विहीणबाईंनी फोन घेतला अन् म्हणल्या, "तुम्ही बसमध्ये राहून राहिले. आमची सून काय बसमध्ये बाळंत होणार का? काऊन असं?"

आमच्याकडं घर आहे म्हणले. "मग घरात ठेवता का?" म्हणल्या. मी हो म्हणले. ह्यांना विचारायच्या आधीच.

नंतर आशू हळूच बोलली, "आई, बाबांना सांग ना. मला घरात झोपू दे, मी लगेच येते."

माझं एवढंच मागणं आहे. पोरीचं माहेरपण धड व्हावं. पाळणा छताला टांगावा, दारात बाळंतविडा यावा, चार बाया याव्यात. बस.

५ जाने.
बोलणं झालं. भांडण म्हणत नाही, कारण हे ओरडले नाहीत. रडले.

घरात नाही म्हणजे नाही. शोभाआक्कांचं नाव घेतलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून. ही माझी मोठी नणंद, मी बघितलेलीही नाही. भूकंपाच्या वेळी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या. गणपती विसर्जन करून हे अन् शिवाभाऊजी मंडपातच झोपले, बारा-तेरा वर्षांची पोरं. शोभाआक्का आत. बाहेर डास चावतात म्हणून सासूबाईंनीच आत झोपवलेलं. पहाटे मंडपातली पोरं राहिली. आतलं कुणी राहिलं नाही.

"ती पण पहिलटकरीण होती," म्हणले. "आशूला मी छताखाली झोपवणार न्हाई. मला मारून टाक पायजे तर."

पाठीवर हात ठेवून बसले. राग आला तो तसाच पोटात राहिला.

८ जाने.
ह्यांनीच नांदेडला फोन केला. विहीणबाईंशी एवढं गोड बोलताना मी कधी ऐकलं नाही. लातूरचा दवाखाना चांगला, डॉक्टरीणबाई ओळखीच्या, गाडी चोवीस तास दारात, तीही पलंगासकट. "नुसती चावी फिरवायची, ताई. तुमच्या सुनेला चपला घालून उतरावं पण लागणार न्हाई."

विहीणबाई कशाबशा तयार झाल्या. गाडीवर तयार झाल्या, आमच्यावर नाही.

१८ जाने.
आशूला आणलं. नांदेडला त्यांच्या गल्लीत गाडी लावली तर सगळी गल्ली बघायला. विहीणबाईंना आतून दाखवावं म्हणून मी चहा टाकला. सवयीनं शेगडीखाली करवंटी सारली. चहा मागच्या अंगानं उतू गेला, नवीन चादरीवर. विहीणबाई न सांगता चादर टिपायला लागल्या. मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावईबापू संतोषराव शिक्षक आहेत, शांत माणूस. ह्यांना म्हणले, "मामा, काही वाटलं तर लगेच निघा, वाट बघू नका." हे म्हणले, वाट बघायला मी बस स्टँडवर राहत नाही. सगळे हसले.

येताना लोह्याच्या पंपावर डिझेल टाकलं. ह्यांचा हात स्टेअरिंगवर, नजर सारखी मागं पोरीकडं. मी म्हणले रोडकडं बघा.

२५ जाने.
बरे दिवस चाललेत, खोटं कशाला बोलू. आशू पलंगावर, मी खाली. डिंकाचे लाडू केले. हे शेतातून हुरडा आणतात, पोरीला निवडून देतात, एक खडा जाऊ देत नाहीत.

रात्रीतून ती पायथ्याकडं घसरते. उशी लावली तरी घसरते. काल म्हणली, "बाबा, मला उताराला लावून ठेवलंय तुम्ही. बाळ घसरून आधीच येईल." मी दटावलं, असलं बोलू नये. हे मात्र हसले. मला वाटतं वर्षात पहिल्यांदा.

शिवाभाऊजींच्या बायकोनं भिंतीवरून ताकाची चरवी दिली. आशूसाठी, म्हणली. मी घेतली. ह्यांना सांगितलं नाही.

३० जाने.
दुपारी जमिनीतून गुडगुड. भांडी वाजली. दोन-चार सेकंद, जास्त नाही. अधूनमधून होतंच इकडं, लोक कामं सोडत नाहीत आता.

मी बाहेर येईपर्यंत ह्यांनी चाकाखालचा दगड काढलेला. आशू पलंगावरच. गाडी सुर्रकन रोडला, इंजिन एका चावीत सुरू. पार फाट्यापर्यंत जाऊन आले. परत जागेवर लावली तेव्हा चेहऱ्यावर अशी शांती होती की मला बोलवेना.

"बघितलीस?" म्हणले. "एका चावीत."

बघितली. खरंच एका चावीत.

३ फेब्रु.
लातूरला तपासणी. सगळं ठीक, जरा रक्त कमी, आराम करा म्हणल्या डॉक्टरीणबाई. गेल्या पंधरवड्यातली ही दुसरी खेप.

येताना पंपावर रांग होती अन् आशूची कंबर धरली. मी म्हणले चला घरी. घरी गाडी लावून, शांत करून हे काटा बघायला बसले. अर्ध्यावर. मलाही बोलावून दाखवला. "अर्धी हाय. दोनदा लातूर गाठंल. सोमवारी भरू."

मी हो म्हणले. मीही बघितला होता. अर्ध्यावरच होता.

६ फेब्रु.
आशू दवाखान्यात. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. लिहवत नाही.

८ फेब्रु.
लातूर. दवाखान्याच्या जिन्याखाली बसून लिहितेय. कुणाशी तरी बोललं पाहिजे अन् कुणाशी बोलू.

परवा दुपारी आशू भांडं घ्यायला उठली अन् आई म्हणून ओरडली. बघते तर लुगडंभर रक्त. हे समोरच होते, कडबा रचत. एका दमात आले. मी तिला पलंगावर आडवं केलं, पाय उशीवर. ह्यांनी दगड काढला, चावी अर्धी फिरवली. मी काट्याकडं बघितलं, आपसूक नजर गेली. अर्ध्यावर.

चावी पुरी फिरवली, सुरू झाली. गाडी रोडला लागली. थोडं अंतर गेली, आचके दिले अन् बंद. परत चावी. घरघर, बंद. परत. हे नुसते चावी फिरवत राहिले. शेवटी बॅटरीपण बसली, आवाजसुद्धा येईना. आशू मागून म्हणतेय, बाबा काय झालं, बाबा निघा ना. ह्यांनी स्टेअरिंगवर डोकं आपटायला सुरुवात केली.

मी उतरून पळाले. शिवाभाऊजींच्या दारात. येळवशीनंतर त्यांच्या उंबऱ्याला पाय लावला नव्हता. ते नुकतेच एका खेपेहून येऊन जेवायला बसलेले. मी म्हणले, भाऊजी, आशू. पुढचं तोंडातून आलंच नाही. हात तसाच खरकटा घेऊन उठले.

दोघांनी मिळून तिला जीपमध्ये घेतलं. एकानं खांद्याखाली धरलं, एकानं पायाखाली. एकमेकांकडं बघितलं नाही. लातूरपर्यंत जीपमध्ये आशूचा आवाज हळूहळू कमी होत गेला. ते मला ऐकू येत होतं.

ऑपरेशन करावं लागलं. रक्ताच्या पिशव्या लावल्या. ती वाचली. बाळ लहान आहे, मुठीएवढं तोंड. छातीची नुसती धडधड दिसते काचेतून.

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "रक्त फार गेलं. थोडं आधी पोचला असतात तर..." मग माझ्याकडं बघून थांबल्या. ते पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. आता मीच रोज पुरं करते, रोज वेगळं.

९ फेब्रु.
विहीणबाई आल्या, संतोषरावांबरोबर. बाळ काचेतून बघून आल्या अन् बाकावर माझ्या शेजारी बसल्या. मग म्हणल्या, "नुसती चावी फिरवायची, म्हणले होते तुमचे मालक."

शिव्या दिल्या असत्या तर मी उलटून बोलले असते.

इथून सुटी झाली की आशूला थेट नांदेडला नेणार आहेत. सव्वा महिना तिकडंच. बरोबरच आहे त्यांचं. पाळणा मी माळ्यावरून काढून धुऊन ठेवलाय, कुणाला सांगितलं नाही.

बाळ तिसऱ्या मजल्यावर. हे खाली आवारात लिंबाच्या झाडाखाली बसतात, तिथंच झोपतात. वर आले नाहीत. आशू विचारते, "बाबा कुठायत?" मी सांगते, खाली आहेत. ती भिंतीकडं तोंड करते.

१२ फेब्रु.
कपडे अन् दुपटी न्यायला गावी आले. बस शिवाभाऊजींच्या दारापुढं, सपाटीला उभी. रोडवर आडवी राहिलेली ती त्यांनीच ओढून घेतली, बॅटरी चार्ज केली, पाइपातली हवा काढली. मला म्हणले, "हवा धरली होती वहिनी, पाइपात डिझेलच्या जागी हवा शिरली की इंजिन उचलत न्हाई. पण टाकीत थोडं का हुईना डिझेल होतं. मग हवा कशी धरली, ते काय कळंना गेलं."

बसमध्ये चढले. घराची किल्ली तिथंच असते. भाऊजींना चहा तरी करावा म्हणून शेगडी पेटवली, करवंटी पायाखाली सारली. चहा मागच्या अंगानं उतू गेला.

बघत राहिले. नांदेडला गेला होता तसाच. मग करवंटी काढली. चहा भांड्यात सरळ बसला.

मला कसं सुचलं ते सांगता येत नाही. पुढं गेले अन् चावी फिरवली. काटा तळाला. भाऊजींना हाक मारली. म्हणले, एकदा ही आमच्या मुरमावर लावा, हे लावतात तशी. ते म्हणले कशाला. मी म्हणले लावा. मी कुलूप काढलं, थोडं डिझेल कॅनमधून टाकलं त्यांनी, जाळीतून हळूहळू, काटा तरी तळालाच, अन् गाडी वर चढवली. आम्ही दोघं काट्याकडं बघत बसलो. काटा चढत चढत अर्ध्यापाशी जाऊन थांबला.

भाऊजी गाडीखाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. त्या लांब टाकीत फ्लोट पुढच्या टोकाला आहे अन् डिझेल ओढायचा पाइप मागच्या. गाडी नाक खाली करून उभी राहिली की सगळं डिझेल पुढं पळतं, फ्लोट वर तरंगतो, अन् मागं पाइप कोरडा, डिझेलऐवजी हवा ओढतो. माझ्या धिरड्याचं पीठ पळायचं तसंच. वर्षानुवर्षं मी शेगडीखाली तुकडे घालत बसले अन् हे चोर शोधत बसले.

म्हणजे काट्यात काही खोट नव्हती. मुरमात होती. जिथं उभी केली म्हणजे जीव वाचेल असं ह्यांना वाटायचं, तिथूनच ती निघणार नव्हती.

भाऊजी बाहेर आले, हात मातीला पुसले. म्हणले, "वहिनी, बाल्याला सांगू नगा."

मी म्हणले, अन् तुमचं काय? सगळ्या पंगतीपुढं चोर म्हणले तुम्हाला.

"ऱ्हाऊ द्या. मी मंडपात त्याच्याजवळ होतो त्या दिशी. त्यानं हातानं दगड उपसलेले बघितलेत मी." चाकाखाली दगड सारत म्हणले, "हे त्याच्या हातून झालं असं कळलं तर त्यो ऱ्हाणार न्हाई. चोर काय, मी ऱ्हातो चोर."

जीपनं लातूरला सोडलं मला. वाटेत रडले. त्यांनी आरसा दुसरीकडं फिरवला.

१४ फेब्रु.
बाळाचं वजन जरासं उतरलं. ते आधी उतरतंच म्हणतात. रात्रपाळीच्या सिस्टर चांगल्या आहेत, काचेजवळ उभं राहू देतात. आशूनं आज दोन घास जास्त खाल्ले.

खाली जाऊन ह्यांना डबा दिला. दाढी वाढलीय. सांगायचं नाही ठरवलं. डबा उघडेपर्यंत वाटलं सांगावं. जेवताना बघितलं अन् परत ठरवलं नाही.

१६ फेब्रु.
आज हे वर आले.

मी बाटल्या धुऊन येत होते अन् बघते तर काचेसमोर उभे. कसे चढले देव जाणे. भिंतीला एक हात टेकलेला, तो काढला नाही. एकदा वर छताकडं बघितलं, मग बाळाकडं. परत छताकडं. घामानं शर्ट भिजलेला. पण उभे राहिले. मी जवळ जाऊन नुसती उभी राहिले.

मग आशूच्या खाटेपाशी गेले. तिनं तोंड भिंतीकडं केलं. पण ह्यांनी तिच्या पायावरची चादर नीट केली तेव्हा पाय ओढून घेतला नाही.

बाकावर बसल्यावर मला विचारलं, "काटा अर्ध्यावर होता ना गं? तूपण बघितलास ना?"

मी म्हणले, हो. अर्ध्यावरच होता.

मान हलवत राहिले. मग म्हणले, "म्हंजे शिवानंच काढलं. जाळी होती तरी काढलं त्यानं. अन् वर उपकार केल्यासारखं जीप घेऊन आला."

ज्या माणसानं खरकट्या हातानं पोरीला उचललं त्याच्याबद्दल हे ऐकून मी गप बसले. हे वर आले होते, छताखाली बसले होते, बाळापासून चार हातांवर. तोंड उघडलं असतं तर तसेच जिना उतरून गेले असते, अन् कुठं गेले असते.

पण हे असं कायम पोटात ठेवता येणार नाही मला. भाऊजी काहीही म्हणोत. बाळ पेटीतून बाहेर आलं, आशूच्या मांडीवर आलं, की ह्यांना समोर बसवून सगळं सांगणार आहे. बाळ दिसत असलं की झेपेल त्यांना.

उद्या सकाळी परत वजन करणार आहेत. वाढलं तर नाकातली दुधाची नळी काढून बघू म्हणल्या डॉक्टरीणबाई. अन् नाही वाढलं तर...